भिंगाखालची रुखमा

चिखली,
१२ नोव्हेंबर १९६८

चि. शंकर यास दादाचे आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझी वहिनी बरी आहे. कपाशीची वेचणी सुरू झाल्यामुळे स्टुडिओत गर्दी नाही. दोन वर्षांनी लिहितो आहे, तरी मागचं काही काढत नाही. तूही काढू नको.

काम असं की, रिटचिंगसाठी नवं भिंग हवं आहे. अकोल्याला तुमच्या फोटो-सामानाच्या दुकानात दोन प्रकारची आली आहेत असं कळलं. एक दांडीवर बसवलेलं, मोठं. दुसरं लहान, पण खाली दुधी काच आणि उजेड फेकणारा आरसा असलेलं. तू रोज हाताळतोस म्हणून विचारतो. मोठं दिसणं निराळं आणि स्वच्छ दिसणं निराळं, हे तुला मीच शिकवलं. पापणीचा केस न् केस सुटा दिसला पाहिजे, भिंगाच्या कडेला रेघ फुटता कामा नये. दोन्हींतलं चांगलं असेल ते पाठव.

उंद्रीच्या जनकाबाईंचं काम आलं आहे. त्यांची रुखमा बाळंतपणात गेली. तिच्या लग्नात आपण काढलेल्या फोटोच्या निगेटिव्हची एकच काच त्यांच्या घरी शिल्लक होती, तिच्यावर बुरशीचे डाग पडलेत. ते काढून भिंतीवर लावण्याइतका मोठा फोटो हवा आहे.

जुन्या भिंगाला चरे गेलेत, दुसरं काही नाही. माझे डोळे ठणठणीत आहेत. लवकर पाठव.

तुझा दादा,
निवृत्ती


चिखली,
३ डिसेंबर १९६८

प्रिय शंकर,

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. मध्येच थांबते, मग मी पुन्हा सांगतो.

भिंग पोचलं. आरशाचं पाठवलंस, निवड अचूक. वहिनीला त्यातून पापण्या मोजता आल्या. मले नाही आल्या. मले दिसत नाही बे, शंकर.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. तेव्हाच रुखमाची काच माझ्या हातून गेली होती. डाग खरवडताना सुरी कुठे चालली ते कळलं नाही. काचेवरून फोटो छापून पाहिला तर डाव्या डोळ्याच्या जागी काळं भोक. मी अंदाजानं ब्रशनं डोळा रंगवला आणि फोटो जनकाबाईंच्या हाती दिला. त्यांनी तो पदरानं पुसला, पुन्हा पाहिला.

"दादा, हे कोनाची लेक हाय?"

मी म्हणालो, "डाग खोल गेले होते बाई. काच आधीच खराब झालती."

तर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "माह्याच घरी ओल लागली असन तिले. तुमचा काय दोष?"

खोटं मी बोललो आणि माफी त्यांनी मागितली. चांगलं भिंग आलं की काच सुधरवीन, या आशेवर तुला लिहिलं होतं. भिंग आलं त्या दिवशी सकाळपासून ऊन उतरेपर्यंत खिडकीशी बसलो. शेवटी वहिनीनं बुलडाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याची नस वाळली आहे. गेलेली नजर येत नाही, उरलेली औषधानं टिकली तर टिकली.

दोन वर्षांपूर्वी स्टुडिओत तू हेच म्हणाला होतास ना? "दादा, तुही रेघ हालते. डोये दाखव." आणि मी तुझी पेटी रस्त्यावर फेकली. साऱ्या बाजारासमोर ओरडलो, "तुया डोया हाय माह्या धंद्यावर!" भ्यालो होतो रे. रेघ हलते हे मलाही ठाऊक होतं.

परवा ती काच घेऊन उंद्रीला गेलो आणि जनकाबाईंना खरं सांगितलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "मंग आता मी रुखमाले कुठी पाहू?"

त्यांनी काच मागून घेतली, पदरात गुंडाळली आणि आत गेल्या. पाणी विचारलं नाही. बरोबरच केलं.

तू ये. दुकान सांभाळ म्हणत नाही. वहिनीचा हात स्थिर आहे, तिला तेवढं शिकव. आणि दोन दिवस माझ्याजवळ बस. एकटा असलो की विहिरीकडे पाय वळतात. हे वाक्य ती लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

येशील तेव्हा मी स्टँडवर उभा असेन. लांबून हात करू नको. जवळ येऊन हाक मार.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारा,
निवृत्ती