फुकट्यांनो, दूर राहा

३ मार्च, मंगळवार

नाहीच दिसत! दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं — "ताई, कशावरही चालतो." कशावरही म्हणजे दादाचा लॅपटॉप सोडून. त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे ना! त्याचं आतलं वायफाय केव्हाच मेलंय, म्हणून हा बाहेरून खोचायचा ॲडॉप्टर. खोचला — लॅपटॉप ढिम्म.

दादाची मेल फक्त याच लॅपटॉपवर उघडते, पासवर्ड तो सोबत घेऊन गेला. धरणावर पाण्याची खोली मोजायला गेला होता. होडी उलटली. चार महिने झाले, सापडला नाही. आई अजून त्याचं ताट वाढते. रोज विचारते, "जायच्या आधी काही लिहिलं होतं का गं त्यानं?" मला तेवढंच बघायचंय.

५ मार्च, गुरुवार

दादाची वही सापडली. चाळीसेक ॲडॉप्टरांची नावं, पुढे शेरे — चालतो, चालत नाही, डोकं खातो. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात: "डबा बघून घेऊ नये. कंपनी डबा तोच ठेवते अन् आतली चिप बदलते. माणूस फसतो, लिनक्स फसत नाही." मी नेमका डबा बघून आणलाय. शहाणीच मी!

८ मार्च, रविवार

त्याच्या खणातला एक लावला, "चालतो" अशी चिठ्ठी असलेला. चालला!

मेल उघडली. होडीत बसायच्या दिवशी मला लिहायला घेतलेली, पाठवायची राहिलेली — "रविवारी येतोय. बेल वाजली की लगेच उघड, नेहमीसारखं ताटकळत ठेवू नकोस." आईला वाचून दाखवली. दोघी रडलो.

मग आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी बघितली. शेजारच्यांचं, खालच्या शिंप्याचं. आणि अगदी तळाशी — "फुकट्यांनो, दूर राहा". सिग्नल ४ टक्के.

नाव पुन्हा वाचलं. हे दादाच्या फोनच्या हॉटस्पॉटचं नाव. माझ्यासाठीच ठेवलं होतं मेल्यानं! आणि फोन त्याच्या खिशात होता.

९ मार्च, सोमवार

९ टक्के. लॅपटॉप घेऊन गल्लीभर फिरले. शिंपी म्हणाला, "काय ताई, त्याला पाय मोकळे करायला आणलंत?" कुठेही गेले तरी आकडा तोच. आईला बोलले नाही.

१२ मार्च

२२.

१५ मार्च, रविवार

४१. रोज वाढतोय. कुणीतरी पायी येत असल्यासारखा.

१७ मार्च, मंगळवार

दादा आला!!

सकाळी बेल न वाजवता, दार लोटून आत उभा. वाळलेला, दाढी वाढलेली. कुठल्याशा दवाखान्यात पडून होता म्हणे, काही आठवत नव्हतं. आई त्याला सोडेना. मी एवढ्या मोठ्याने रडले की शिंपी धावत वर आला. "फोन कुठाय रे?" विचारलं. "पाण्यात गेला."

१९ मार्च, गुरुवार

आई चार महिन्यांनी पोटभर जेवली.

संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. ॲडॉप्टर उचलला, उलटसुलट केला. "हे काय असतं?" म्हणाला.

आईला सांगितलं तर उसळली — "मरणाच्या दारातून आलंय लेकरू, आणि तुला त्याच्या परीक्षा घ्यायच्यात!" खरंय. विसरला असेल. चेहरा तोच, आवाज तोच, भुवईवरचा व्रणसुद्धा तोच. तरी मला भीती वाटते. सख्ख्या भावाची! लिहितानाही लाज वाटते.

सिग्नल ७८. दादा तर घरात आहे. मग आता कोण येतंय?

२१ मार्च, शनिवार

९६. तो दाराकडे तोंड करून बसलाय. जेवायलाही उठला नाही.

२२ मार्च, रविवार

अकरा वाजता लॅपटॉप त्या हॉटस्पॉटला आपोआप जोडला गेला. पासवर्डही विचारला नाही. १००.

लगेच बेल. दोनदा छोटी, एकदा लांब. अशी एकच माणूस वाजवतो.

दादा दाराला पाठ लावून उभा आहे. "नको उघडूस," म्हणतोय.

आईने त्याच्याकडे नीट बघितलं. आता त्याला बाजूला सारून कडी काढतेय.