यादीतली नववी ओळ

प्रिय ठकू,

मी तुझा बाप, वाणिज्य शाखेचा पदवीधर, चौतीस वर्षांचा हिशेबतपासनीस, वय अठ्ठावन्न. घटस्फोटातली पैशाअडक्याची वाटणी कोर्टाबाहेर आणि कमीत कमी खर्चात कशी उरकावी, हे तुला कळवावे, एवढ्यासाठी लिहितो आहे. वकिलाच्या फीकरिता तू मागितलेली रक्कम मी पाठवणार नाही. फोनवर तू रडलीस. त्याने या निर्णयात फरक पडलेला नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते खरेच आहे. दोन वकील म्हणजे तारखेगणिक दोन खिसे भरायचे. त्याऐवजी दोघांनी मिळून एकच मध्यस्थ नेमावा आणि त्याची फी निम्मी निम्मी सोसावी. पगार, ठेवी, विमा, कर्जे यांचे कागद पहिल्या बैठकीआधीच समोरासमोर ठेवावेत. मग एकाने सगळ्याच्या दोन याद्या कराव्यात आणि दुसऱ्याने त्यांतली हवी ती उचलावी. याद्या करणारा आपसूक प्रामाणिक राहतो, कारण वाईट यादी त्याच्याच गळ्यात पडू शकते. कोर्टात जायचे ते शेवटी, तडजोडीवर शिक्का घ्यायला. तुझ्या आईचा आणि माझा निकाल असाच दोन बैठकांत लागला. माझ्या वाट्याला आलेला खर्च बरोबर एका सायकलीइतका होता. त्या वर्षी तू सायकल मागत होतीस, म्हणून लक्षात आहे.

या पद्धतीत एकच भोक आहे. समोरच्याला काय सोडवणार नाही, हे याद्या करणाऱ्याला ठाऊक असले, की प्रामाणिकपणाची गरज उरत नाही. तू तेव्हा सात वर्षांची होतीस. तुला मी पहिल्या यादीत नवव्या ओळीवर घातले, लोखंडी कपाटाच्या खाली. दहाव्या ओळीवर घर. अकराव्या ओळीवर घरावरचे कर्ज, थकलेल्या चौदा हप्त्यांसकट. दुसऱ्या यादीत ठेवी, शेअर आणि गाडी. एक अक्षरही खोटे नव्हते. तुझी आई नवव्या ओळीपर्यंत वाचत आली आणि थांबली. मध्यस्थ बँकेतून निवृत्त झालेले, भला माणूस. ते म्हणाले, "अहो बाई, दुसरी यादी बघा तरी." तिने विचारले, "तिच्यात पोरगी आहे?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग सही कुठे करायची तेवढं दाखवा." पुढची अकरा वर्षे ती शाळांचे गणवेश शिवत हप्ते फेडत होती, हे तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलेस. घरात पैसा का टिकत नाही, हे तिने तुला मरेपर्यंत सांगितले नसणार. तो तिचा स्वभाव. मी सांगितले.

गेल्या मंगळवारी तुझा नवरा माझ्या कार्यालयात आला होता. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "बाबा, तुमच्याइतकं यातलं कोणाला कळतं?" मी त्याला तासाभराचा सल्ला दिला आणि तासाभराची फी घेतली, जावई म्हणून सूट दिली नाही. जाताना त्याने विचारले, ती काय सोडणार नाही? मी म्हटले, तुमची मुलगी. नववी ओळ बरी पडते, हेही सांगितले. सोमवारी तुमचे मध्यस्थ तुझ्यासमोर त्याने केलेल्या दोन याद्यांची दोन पाकिटे ठेवतील. तुमच्या दुकानावरचे कर्ज कोणत्या पाकिटात आहे, हे आता तुला उघडण्याआधीच ठाऊक आहे.

दोन्ही पक्षांना सल्ला देणे व्यवसायात बसत नाही, म्हणून यापुढचे बाप म्हणून लिहितो. मुलगी नसलेली यादी उचल. तिची काळजी करू नकोस; पाच वर्षांचे मूल त्याला आठ दिवसांत जड होईल आणि तो स्वतः आणून सोडेल. कागद मात्र सहीनिशी तसाच राहील. हे मी अनुभवाने सांगतो. तुझ्या आईने दुसरी यादी उचलली असती तर तुला कुठे ठेवायचे, याची मी तयारी केली होती. वसतिगृहाचा अर्ज भरून खिशात घेऊनच त्या बैठकीला बसलो होतो. तुझ्या नावापुढे 'पालक भेटीस येणार' असा रकाना होता. तो मी कोरा ठेवला होता.

आता हे सगळे का लिहिले, ते. तेवीस वर्षे झाली, तिची ती सही डोळ्यांपुढून हलत नाही. तिने दुसरे पान उलटूनसुद्धा पाहिले नाही. तो तिचा भाबडेपणा होता, हिशेब कळणाऱ्या कोणत्याही माणसाने तसे केले नसते, असे मी स्वतःला बजावत आलो आहे. तुला हिशेब कळतो. तो मीच शिकवला. सोमवारी सगळे माहीत असून तू मुलगी सोडलीस, तर चूक तुझ्या आईची होती, असे मला एकदाचे मानता येईल. तेवढे माझ्यासाठी कर.

तुझाच,
बाबा

ठिकाण: कार्यालय, मागची खोली
दिनांक: चौदा, शनिवार