उपाशी कोपरा

२७ जुलै

निल्दा, हे वाचायला तू विसरणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे. शाळेत जाताना तू बूट विसरायचीस. लग्नाच्या दिवशी अंगठ्या विसरलीस, तेव्हा पाद्रीबाबांनी पडद्याच्या कड्या घालून तुमचं लग्न लावलं. म्हणून आधीच सांगते, शालीला गाठ मार आणि रोजच्या रोज वाच. तू शाल वापरत नाहीस म्हणा. मग नवऱ्याच्या शर्टाला मार.

तर आम्ही आलो एकदाचे. फोन माझ्या गळ्यात आहे. हिरवं बटण दाबलं की मी बोलते ते हा लिहितो म्हणे. मला अक्षर कळत नाही, तेव्हा हा काय लिहितो ते त्याला नि देवाला माहीत. बाकीची बटणं तुझा बाप दाबतो.

तू म्हणालीस, आई, घरात काय जमतं, काय जमत नाही, सगळं सांग, म्हणजे इतर म्हाताऱ्यांची घरं बांधताना मला उपयोग होईल. घे मग. पायरी एकही नाही, हे छान. उंबरेही नाहीत. जुन्या घरातल्या उंबऱ्याने माझा अंगठा जन्मभर फोडला, पण बाहेरचं काही तो आतही येऊ देत नसे. इथे वाराही न ठेचकाळता आत येतो. दारं इतकी रुंद की आम्ही दोघं भांडतसुद्धा शेजारी-शेजारी आत शिरू शकतो. भिंतीभिंतीला धरायला दांड्या. आणि ती न्हाणी! उद्या कुणी चाकांच्या खुर्चीत बसलंच तर गर्रकन वळता यावं म्हणून तू ती मागाहून वाढवलीस ना? तुझा बाप कासियानो म्हणाला, मुलीने बापाला न्हाणी नाही, बैल वळवायला शेत दिलंय.

पोरं उडून गेली. रुबेन स्पेनला, तू तिकडे सांताक्रूझच्या उकाड्यात. उरलो दोन म्हातारे, आणि मरेपर्यंत पुरेल असं घर. ऑगस्टच्या मध्यावर उर्कुपिन्याच्या जत्रेला तू तुझ्या पोरीला, मिलेंकाला, घेऊन येणार, म्हणून तिची खाट आत्ताच मांडली.

म्हाताऱ्याला डॉक्टरने मीठ बंद केलंय. आज मी भांडी लावत होते, तेवढ्यात त्याने मिठाची पुडी टोपीत लपवली. अळणी जेवण धरणीमायेचं आणि मेलेल्यांचं, म्हणतो, मी अजून मेलो नाही. मी म्हटलं, टोपी काढ, मग बघते.

२९ जुलै

न्हाणीत आंघोळ केली. बसायला बाक आहे, पाणी ऊन येतं. राणीसारखं वाटलं. मग राणीला उठता येईना, तेव्हा दांडी कामी आली.

एक विचारायचं होतं. कोपऱ्यातल्या त्या दांडीत तू विजेची तार घातलीस का? बाकी सगळ्या दांड्या गार लोखंड आहेत, ती तेवढी ऊबदार लागते. हाताला बरं वाटतं. जास्तच बरं वाटतं. म्हातारपणी कुणी मनगट धरावं तसं.

आणि फरशीचा उतार तपास. स्वयंपाकघरात बटाटा पडला, तो दार ओलांडून घरंगळत न्हाणीच्या त्याच कोपऱ्यात जाऊन थांबला. कासियानो म्हणाला, घरात म्हातारी एक, तिच्या हातून पडणारे बटाटे हजार. दुपारी त्याच्या हातून चमचा पडला. तोही तिकडेच गेला.

१ ऑगस्ट

आजपासून महिनाभर धरणीमायेचं तोंड उघडं. शेजारीण बेनिग्ना आली. अंगणात निखाऱ्यावर गोडाच्या वड्या, लोकर नि चरबी जाळली. नवीन घर म्हणून चारी कोपऱ्यांना चिचा, आपली मक्याची दारू, पाजली. तीन कोपऱ्यांनी जमिनीसारखी प्यायली, आधी फेस, मग ओल. न्हाणीच्या मागचा कोपरा मात्र वासरासारखा प्यायला. चुचकारून, आवाज करत. बेनिग्ना हसली, म्हणाली, बाई गं, हा तुझ्या नवऱ्यावर गेलाय. आम्ही अजून ओतलं. त्याने अजून ओढलं. घडा रिकामा झाला तरी माती तोंडासारखी उघडमीट करत होती. हसू कधी थांबलं ते आम्हाला कळलं नाही.

३ ऑगस्ट

कुया गेल्या. बिनशेपटीची ती सशासारखी जनावरं चुलीमागे पाळली होती, मिलेंका आली की भाजायची म्हणून. उंबरे नाहीत, तेव्हा घरभर हुंदडायच्या. दुपारी म्हातारा झोपला होता, मी मक्याचे दाणे सोलत होते. सगळ्या एकदम किंचाळल्या आणि एकदम गप्प झाल्या.

न्हाणीच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या जाळीवर कान सापडले. केस, दात, आतड्याचा तुकडा. तुझी ती पांढरी फरशी भिंतीपर्यंत लाल. जाळीच्या भोकातून माझी करंगळीही जात नाही गं. कासियानो म्हणाला, रानमांजर असेल. मी विचारलं, कान तेवढे सोडणारं रानमांजर तू कुठे पाहिलंस? फरशी त्याने एकट्याने धुतली. पाणी आत जाताना कोपरा घोट घेत होता.

५ ऑगस्ट

ओसो गेला. आपला कुत्रा, तुझ्या लग्नात पाद्रीबाबांना चावलेला.

भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर. न्हाणीच्या दारात उभा राहून गुरगुरत होता. मग त्याचे पुढचे पाय घसरले. कुणी ओढावं तसा तो पोटावर सरकत गेला, नखांनी फरशीवर ओरखडे काढत. मी त्याची शेपटी धरली. त्याचं डोकं कोपऱ्यात गेलं. भिंत फुटली नाही, फरशी उचकटली नाही, डोकं तेवढं आत गेलं, जसा पाव सारात बुडवावा. हाडं मोडताना ओल्या फांदीसारखी वाजली. माझ्या हातात शेपटी राहिली. फक्त शेपटी.

बेनिग्नाने एकच विचारलं. पाया घालताना त्या कोपऱ्याला जेवू घातलं होतं का?

घातलं होतं, मी म्हटलं. चारी कोपऱ्यांत लामाचं वाळवलेलं, अपुऱ्या दिवसांचं पिल्लू पुरलं. मी स्वतः उभी होते.

ती म्हणाली, एलॉय गवंड्याला बोलाव.

७ ऑगस्ट

एलॉय आला. कोपरा पाहून टोपी हातात घेतली आणि चुरगाळत राहिला.

निल्दा, आपण चौथ्या कोपऱ्यात पिल्लू पुरलं, ते जुन्या कोपऱ्यात. नंतर तू खुर्ची वळावी म्हणून न्हाणी वाढवलीस. भिंत पुढे सरकली, कोपरा पुढे सरकला. पुरलेलं पिल्लू आता न्हाणीच्या मधोमध आहे, आणि नवा कोपरा कोरड्या, उपाशी मातीवर उभा आहे. एलॉयने तुला विचारलं होतं म्हणे, ताई, नव्या कोपऱ्याला पुन्हा द्यायचं ना? तू म्हणालीस, रविवारी मी स्वतः येते, माझ्या हाताने देते.

त्याला वाटलं, तू येऊन गेलीस.

शालीला गाठ, पोरी. शालीला गाठ.

त्याने पिल्लू आणलं होतं, लोकरीत गुंडाळून, गोडाच्या वड्यांसकट, अळणी, सगळं रीतीप्रमाणे. कोपऱ्यातली फरशी छिन्नीने उचकटली. खालची माती लाल आणि ओली, तिला वाफ येत होती. त्याने दोन्ही हातांनी पिल्लू आत ठेवलं. मातीने ते थुंकलं. त्याच्या तोंडावर. त्याने पुन्हा ठेवलं, माफी मागत, रडत, आणि या वेळी मातीने पिल्लू सोडलं नि हात धरला.

माझ्या म्हाताऱ्याने त्याला कमरेला धरून ओढलं. मी म्हाताऱ्याला ओढलं. एलॉय डुकरासारखा ओरडत होता. मग आम्ही तिघेही मागे पडलो आणि एलॉयचा उजवा हात कोपरापासून खाली नव्हता. भिंतीवर, माझ्या झग्यावर, त्या बाकावर रक्तच रक्त. बेनिग्नाच्या मुलाने त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं.

ताजं गरम चाखलंय आता, बेनिग्ना म्हणाली. वाळवलेलं कोण खातं?

८ ऑगस्ट

गाठोडी बांधली. बेनिग्नाकडे जायचं ठरलं. तिने तुला फोन लावून पाहिला, वाजून वाजून बंद. फोनही कुठेतरी विसरली असशील.

दारात पोहोचलो आणि म्हातारा म्हणाला, जायच्या आधी एकदा जाऊन येतो. आयुष्यभर हेच. लग्नाच्या वरातीतही हेच. मी म्हटलं, अंगणात जा, झाडामागे जा, माझ्या डोक्यावर जा, पण तिथे नको. तो म्हणाला, मी दारातूनच, आत पाऊल टाकत नाही.

उंबरा असता तर पाय अडला असता.

लिहून घे, निल्दा, तुझ्या म्हाताऱ्यांच्या घरांसाठी लिहून घे. दांडी पकडते. सोडत नाही. त्याचा तोल गेला, तो घसरत थेट त्या कोपऱ्यात गेला, त्याने दांडी धरली आणि दांडीने त्याला धरलं. मी गेले तेव्हा तो घोट्यापर्यंत आत होता, आणि दांडीला बोटं होती.

मी कुऱ्हाड आणली. दांडीवर घातली. लोखंड वाजलं नाही, मांस चिरलं. रक्त उडालं, माझ्या ओठांवर आलं. अळणी होतं. रक्त कधी अळणी असतं का गं? पुन्हा घातली. ती बोटं तुटून खाली पडली, वळवळली, आणि भिंतीतून दुसरी आली.

१० ऑगस्ट

गुडघ्यांपर्यंत.

बेनिग्नाचा मुलगा आणि गावातले चौघे आले, दोर बांधून ओढलं. म्हाताऱ्याची मांडी फाटू लागली. तो म्हणाला, सोडा रे, अर्धा माणूस बाहेर काढून त्याचं काय करणार. सोडलं. आता कुणी येत नाही.

मी मीठ आणलं. मीठ जिवंतांचं, ते कोपऱ्याला चालणार नाही, असं वाटलं. मूठभर कोपऱ्यावर फेकलं. भिंत आक्रसली, करकरली – आणि तिने त्याला आवळलं. त्याची हाडं मोडली. मी ऐकली. फरशीवरचं मीठ मीच झग्याने पुसून काढलं, रडत. तो म्हणाला, म्हातारे, पहिल्यांदाच मला हवं तेवढं मीठ दिलंस.

तो मरत नाही. ते त्याला मरू देत नाही.

११ ऑगस्ट

कमरेपर्यंत. त्याला मी सार भरवते. दाराबाहेर पालथी पडून, लांब दांड्याच्या पळीने.

बेनिग्नाने खिडकीतून सांगितलं, तुझा निरोप आलाय. फोन सापडला म्हणे, बसचं तिकीट काढलंय, मिलेंका उड्या मारतेय. आई-बाबांना सांगू नका, गंमत करायची आहे. बेनिग्ना उलटून ओरडेपर्यंत तू फोन ठेवून दिलास. तिने परत लावला, तर पुन्हा बंद.

येऊ नकोस. वाचते आहेस ना? येऊ नकोस.

१२ ऑगस्ट

मिलेंकाची खाट सरकली. आपोआप. आता न्हाणीच्या दाराला लागून उभी आहे. मी ढकलून परत नेली. ती परत आली.

सगळं तिकडेच घरंगळतं. तिचा चेंडू, मी आणलेला. लाल. तोही गेला.

त्या कोपऱ्याला माहीत आहे ती येतेय. म्हातारा बोलला की तेही ऐकतं. म्हणून मी त्याला तिचं नाव घेऊ देत नाही.

१३ ऑगस्ट

छातीपर्यंत. त्याची बोटं काळी पडलीत पण माझ्या पळीचा दांडा घट्ट –

आज त्याने सार थुंकलं. खारट आहे, म्हणाला. मी म्हटलं, अरे, चिमूटभर तर आहे, तुझ्यासाठीच डॉक्टरपासून चोरून घातलं. तो म्हणाला, नको. जीभ भाजते. मीठ नको.

टोपीत मीठ लपवणारा तुझा बाप, निल्दा.

मी त्याच्याकडे पाहिलं. डोळे त्याचेच. पण आवाज – मागून, भिंतीतून, जरा उशिरा –

१४ ऑगस्ट

न्हाणीच्या दारात आडवी पडलेय. उंबरा झालेय. तू काढलास ना, म्हणून. आता कुणी आत जायचं तर माझ्यावरून.

पायाची बोटं ऊबदार झालीत. बरं वाटतं. जास्तच –

तो हसतो. म्हणतो, म्हातारे, जागा आहे आत, खुर्ची वळेल एवढी. चेंडू त्याच्याकडेच आहे म्हणतो. मिलेंकाला आत दे म्हणतो. मी त्याच्यासमोर नाव घेतलं नव्हतं –

ऐक. बस थांबव, उतर, रस्त्यात उतर, पोरीला घेऊन मागे फिर. विसरू नकोस, फक्त हे एवढं विसरू नकोस. घरात पाऊल नाही. फाटकापाशीसुद्धा नाही.

पोट भरलेलं असेल तर ते हाका मारत नाही. म्हणून डबा पाठव. रोज. बसवाल्याच्या हाती बेनिग्नाकडे दे, ती खिडकीतून सरकवेल. उकडलेला मका. चुन्यो, ते गोठवून वाळवलेले बटाटे, नीट भिजवून. किनोआ. चिचा, जेवढी मिळेल तेवढी. मांस पाठव, कच्चं चालेल, गरम असलं तर बरं. गोडाच्या वड्या. आणि मीठ – निल्दा, मिठाचा कणही नको. तुझ्या बाबाच्या वाट्यात नको आणि आता माझ्याही –