परग्रहावरच्या सरदाराच्या चेहऱ्याबाबत

सिडको, एन-सात,
छत्रपती संभाजीनगर

व्याहीबुवा श्री. साहेबराव यांना श्रीनिवासचा आदरपूर्वक नमस्कार.

इकडं सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंची शुगर आटोक्यात असेल असं धरून चालतो. तुम्ही पाठवलेली कांद्याची गोणी पोचली. इतका उत्तम कांदा पाठवणाऱ्या माणसाला असं पत्र लिहायची वेळ यावी, याचं वाईट वाटतं. (कांदा खरोखरच उत्तम आहे. हे वाक्य पुढचं सोपं जावं म्हणून लिहिलेलं नाही.)

झालं असं की आमच्या सायंप्रभा ज्येष्ठ नागरिक मंडळानं मुलांसाठी सोळा पानांचं कॉमिक काढायचं ठरवलं. हल्लीची मुलं वाचत नाहीत, यावर मंडळाचं एकमत आहे (दुसऱ्या कशावरच नाही). मी जन्मभर सरकारी टिपणं लिहिली, म्हणून गोष्ट माझ्याकडं आली. चित्रं खुलताबादचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर इलियासभाई यांच्याकडं. गोष्ट साधी होती. एक बहीण-भाऊ जुन्या कूलरचं कालयंत्र बनवतात. त्याच दिवशी परग्रहावरचे शत्रू शहरातलं पाणी चोरायला उतरतात. तीन दिवस गल्लोगल्ली नळ सोडून बघतात, तर नुसती हवा. मग त्यांचा सरदार चिडतो, मुलांचं कालयंत्र हिसकावतो आणि शहरात नहरी भरून वाहायच्या त्या चारशे वर्षांपूर्वीच्या काळात पाणी न्यायला निघतो. मुलं कूलरला मागून लटकतात. यात कुणाचं काय दुखावणार, असं मला वाटलं. (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. जग कुठवर गेलंय याचा अंदाज नव्हता.)

पहिल्या बैठकीत कालयंत्राची पाटी अडली. यंत्राला शहराचं नाव सांगावं लागणार, आणि कोणत्या साली कोणतं नाव सांगायचं, यात दोन तास गेले. एक सभासद तर यंत्र मागं नेऊच नका म्हणाले. अखेर पाटीवर ‘आपलं गाव’ एवढंच लिहायचं ठरलं. दुसऱ्या बैठकीत शत्रूचा रंग. इलियासभाईंनी भोळेपणानं हिरवा दिला होता. तो बघून दोघंजण खूश झाले आणि दोघंजण उठून चालायला लागले. भगव्याचं नाव निघताच उठलेले बसले आणि बसलेले उठले. मी निळा म्हणालो, तर अध्यक्षांनी उठून खिडकी लावून घेतली. तेव्हा इलियासभाई म्हणाले, “सर, रंगच नको. काळं-पांढरं छापू. पोरांना खडू द्या, ज्याला जो दुश्मन वाटतो तो रंग तो भरील.” सगळ्यांना लगेच पटलं. (मला त्या पटण्याचीच जास्त धास्ती वाटली.)

राहिला सरदाराचा चेहरा. चष्मा काढला की चिटणीस रुसत, टक्कल काढलं की अध्यक्ष. तिसरा डोळा काढला, तर तो देवाचा म्हणून खोडला गेला. आमच्या कॉलनीत कुणाच्या ओळखीचा नाही, पण बघताक्षणी मुलांनी दबकावं, असा चेहरा हवा होता. आणि व्याहीबुवा, नेमकी त्या दिवशी बैठक आमच्या घरी, आणि मिहिर-मेघाच्या लग्नाचा अल्बम टेबलावर होता. मांडवातली लाईट गेली तेव्हा तुम्ही जनरेटरवाल्याकडं पाहिलंत, तो फोटो. इलियासभाईंनी अल्बम खिडकीच्या उजेडात नेला. म्हणाले, “माशाल्लाह, काय जलाल आहे, काय दरारा!” आणि त्यांनी पेन्सिल काढली. मी अडवायला हवं होतं. मी पेन्सिलीला टोक करून दिलं.

छापायला देण्याआधी तुमच्या लेकीनं पानं पाहिली. आधी हसली. पंधराव्या पानावर सरदाराचे कूलरच्या पंख्यात तुकडे होत होते, तिथं बोट ठेवलं. “बाबा, तुम्ही माझ्या अण्णांचे तुकडे करणार?” एवढंच विचारलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. इलियासभाईंना फोन केला. “लेकीचं बरोबर आहे,” म्हणाले, आणि दोन पानं नव्यानं काढली. आता सरदार नहरीवर पोचतो, ओंजळभर पाणी पितो, तिथं गाळ काढणारी माणसं बघतो, बाह्या सरसावतो आणि त्यांच्यात उतरतो. चोरी विसरून तिथंच राहतो. (अध्यक्षांना कूलर उडतो हे चाललं होतं. कुणी मनानं गाळ काढतंय, हे मात्र अवास्तव वाटलं.)

पाचशे प्रती निघाल्या. शंभर तुमच्या लासूर स्टेशनच्या शाळेनं मागवल्या, तेव्हा मी पेढे वाटले. काल त्या शाळेची प्रकाशनाची पत्रिका हातात पडली. बुधवारी, सकाळी दहाला, प्रमुख पाहुणे श्री. साहेबराव. म्हणजे दोनशे पोरांसमोर तुम्ही पुस्तकाचा गठ्ठा सोडणार, पोरं आधी पुस्तकाकडं बघणार, आणि मग तुमच्याकडं. तुमची माफी मागतो. चेहरा वाईट म्हणून नाही, दमदार म्हणून घेतला. पोरीच्या संसारावर याचा राग काढू नये, हात जोडून विनंती.

विहीणबाईंना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुमचा (अजून मानत असाल तर) व्याही,
श्रीनिवास

ता. क. – पत्राचं मुख्य काम लिहायचंच राहिलं. बुधवारच्या आत मिशी काढता येईल का? अगदीच जिवावर येत असेल तर टोकं खाली वळवली तरी भागेल.

पुन्हा ता. क. – पाकीट चिकटवताना मेघा आली. तिनं म्हणे आठ दिवसांपूर्वीच सगळी पानं आईच्या मोबाईलवर पाठवली होती, आणि तुम्ही सरदाराच्या चेहऱ्याचं नववं पान मोठं करून, फ्रेम घालून तुमच्या कांद्याच्या आडतीत टांगलंय. व्यापारी मुद्दाम बघायला येतात आणि हल्ली भावावरून कुणी तुमच्याशी हुज्जत घालत नाही, असंही कळलं. तेव्हा मिशी आहे तशी असू द्यावी. तुमची एकच तक्रार तिनं सांगितली, की सरदाराला नाव का नाय दिलं. दुसऱ्या आवृत्तीत देऊ. इलियासभाई विचारतात, आडनावासकट का?