डाळीसारखी एकत्र केलेली पावडर

आई,

मी आधीच घरी भरून ठेवलेली काडतुसं घेऊन नेमबाजीच्या रेंजवर चाललेय, चारपर्यंत येते. सकाळी ओरडले, सॉरी. बंदुकीच्या पावडरचे अर्धे अर्धे दोन डबे दिसले की तुम्ही डाळीसारखे एकात करणारच; पेटीला कुलूप लावायला मीच विसरले. पण छोट्या काडतुसाला भरकन जळणारी पावडर लागते, मोठ्याला सावकाश जळणारी. दोन्ही मिसळून भरली असती तर रायफल माझ्या तोंडावरच फुटली असती. म्हणून सगळी गुलाबांना घातली, तिचं खत होतं.

रिकामा झालेला डबा घासून त्यात तुम्ही माझ्यासाठी भरलेल्या चकल्या मात्र कुणी खाऊ नका, पावडर विषारी असते. परातीतल्या चार मी पळवल्यात, मस्त खुसखुशीत आहेत.

तुमचा यतीन रीडिंगच्या ऑफिसमधून घरी आला की त्याला यातलं काही सांगू नका. यंदा गुलाब खूप फुलले, तर का ते आपल्या दोघींनाही माहीत नाही.

चैत्राली