दोन माणसांच्या मापाचं बाक

बोम्मसंद्रा, बेंगळूर
रविवार, १२ एप्रिल

प्रिय विठोजी,

सलाम आणि नमस्कार दोन्ही. जो आधी पोचेल तो घे.

एकशे चौदा बाकं, नऊ फळे, सहा दारं (एक कुरकुरतं, पण तो दोष बिजागरीचा), पाण्याच्या टाकीचं झाकण आणि सव्वादहा फुटी सूचनाफलक. एवढं मी माझ्या शाळेसाठी बावीस वर्षांत या हातांनी केलं. शिकवलं कुणी नाही. चुलत्याच्या गादीच्या दुकानात कापूस पिंजता पिंजता समोरच्या सुताराकडे बघायचो, तेवढंच. हे बढाई म्हणून लिहीत नाही (थोडी आहे). पुढचा प्रकार कळायला मापं लागतील.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना सलाम. तू शिकवतोस त्या शाळेत पोरं अजून तरटपट्टीवरच बसतात का? इथे तरट दिसत नाही. परवा मंडईत त्या वासाची आठवण झाली म्हणून एका रिकाम्या पोत्याला नाक लावलं. दुकानातली अक्का म्हणाली, "एनु सर, आलूगड्डे बेका?" आता बटाटे हवेत का असं कुणी विचारल्यावर काय सांगणार? दोन किलो घेतले. वास तो नव्हताच.

तर आम्ही सात मुसलमान शाळावाले दोन वर्षांपूर्वी एकत्र आलो. सगळ्यांच्या शाळा छोट्या, पोरं कारखान्यांतल्या कामगारांची, आणि प्रत्येकाला वाटायचं की खरी शाळा आपलीच. आता जबीनताज मॅडमची प्रयोगशाळा सगळ्यांची, मुनव्वर पाशांचं मैदान सगळ्यांचं, आणि बाकं कुठलीही मोडोत, दुरुस्त मी करायची. पण आमचा सगळ्यात चांगला नियम वेगळाच. कुठल्याही शाळेतलं पोर गळालं की त्याचं नाव एका मोठ्या वहीत चढतं आणि सातही जण त्याला शोधायला निघतात. कुणी गॅरेजात सापडतं, कुणी बिर्याणीच्या हॉटेलात. वहीत शेवटचा रकाना असतो, 'परत आणणाऱ्याची सही'. दोन वर्षांत एकसष्ट सह्या झाल्या. त्यातल्या अकरा माझ्या. (पाशांच्या नऊ. ते दहा म्हणतात. मी मोजल्यात.)

जानेवारीच्या बैठकीत जबीनताज मॅडमनी वही उघडली आणि विचारलं, आपल्यातच दहावी न झालेले कोण कोण? या बाई आधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, त्यामुळे बोलतात कमी आणि बघतात फार. पाशांचा हात वर गेला. मी छताचा पंखा किती इंच डगमगतो ते पाहत होतो. मग माझाही गेला. बाईंनी शांतपणे लिहिलं: दस्तगीर नदाफ, सातवी, १९८५. कारण: वडील वारले, कामाला लागला. पोरांच्या नावांखाली माझं नाव, विठोजी! मी म्हणालो, मॅडम, ही वही मुलांची आहे. त्या म्हणाल्या, "तो आप क्या बुड्ढे पैदा हुए थे?"

ऑक्टोबरात ओपन स्कूलची दहावीची परीक्षा आहे. दर शनिवारी आम्हा दोघांचा वर्ग भरतो, आणि पहिला वर्ग माझ्या शाळेत भरला, चौथीच्या खोलीत. आता मापं बघ. चौथीचं बाक: बैठकीची उंची चौदा इंच, बैठक आणि टेबल यांत अंतर साडेआठ. एकही खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलंय. हत्ती उभा राहिला तरी हलणार नाही. मी रुबाबात सरकत सरकत आत बसलो. बाईंनी अपूर्णांकाचं गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, आणि मला उठता येईना.

श्वास सोडला. पोट आत घेतलं. बाक माझ्यासकट दीड इंच पुढे सरकलं, एवढंच. आमचा व्हॅनवाला कृष्णमूर्ती धावत करवत घेऊन आला आणि म्हणाला, "सर, कट माडोदा?" कापू का म्हणे! मी ओरडलो, खबरदार, सिल्व्हर ओक आहे! पाशा खुर्चीवर बसून (त्यांनी आधीच खुर्ची मागितली होती, तेव्हा मी हसलो होतो) म्हणाले, "रहने दो भाई. पिछली बार स्कूल छोड़के भागे थे ना, अब की बार बेंचइच आपकू छोड़ने को नक्को बोल रहा!" बाईसुद्धा हसल्या. शेवटी अपूर्णांक बसल्या जागेवरून तोंडी सोडवला (बरोबर आला), आणि दुपारी दोनला, जेवण लांबल्यामुळे असेल, मी सुटलो.

दुसऱ्या दिवशी नवं बाक करायला घेतलं. मोठ्या माणसांचं. बैठक सतरा इंच, अंतर चौदा. पण हाताला सवय दोघांच्या बाकाची, त्यामुळे लांबी बेचाळीस झाली. पाशा खुर्ची सोडत नाहीत. मी एकटाच उजवीकडे बसतो. डावीकडे सरकून पाहिलं, पण लिहिताना कोपराला कुणाचा तरी धक्का लागावा असं वाटत राहतं. शाळा सोडून मी बेंगळूरला आलो तेव्हा तू वर्गात तरटपट्टीवर माझ्या जागेवर आठ दिवस दप्तर ठेवून कुणाला बसू दिलं नाहीस, असं मावशीने कळवलं होतं. तेव्हा मी रडलो नाही. कापूस डोळ्यांत गेला होता.

बाकी सर्व क्षेम आहे. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

तुझा,
दस्तगीर

ता. क. १. मी मराठी विषय घेतलाय. 'मित्रास पत्र' दहा गुणांना येतं. हे पत्र सराव म्हणून लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. लाल शाईने तपासून परत पाठव.

ता. क. २. पोस्टाने नको. मे महिन्याची सुट्टी आहे, घेऊन ये. मराठी शिकवणारं इथे कुणी नाही. वहीत माझ्या नावापुढचा सहीचा रकाना रिकामा आहे. पाशा पेन घेऊन टपलेत, त्यांना दहा करायच्यात. मी कुणाला करू दिलेली नाही.

ता. क. ३. कोरमंगलाहून मोठ्या शाळांच्या कंपनीचा एक माणूस आला होता. जागा हवी, म्हणाला, बाकं भंगारात काढू. मी त्याला मोठ्या बाकावर उजवीकडे बसवून चहा दिला. डावीकडे कुणी बसतं का, त्याने विचारलं. मी म्हणालो, येणार आहे. चार कोटी दहा लाख देत होता. नाही म्हणालो.