मालूचा मामा आणि डावं वळण

पनवेल, १२ जानेवारी १९५८

रा. रा. काशीराम दाजींना आनंदाचा रामराम (बसूनच करतो, वाकलो की जमीन अंगावर येते). तिकडे मोरा बंदराला तुम्ही, माझी बहीण आणि बकऱ्या, सगळे खुशाल असाल. मी ठणठणीत आहे. फक्त पनवेल फिरतंय.

तुमच्या कानावर नाही नाही ते गेलं असेल, म्हणून खरं लिहितो. मालूच्या लग्नाची ट्रंक मी एस.टी.च्या टपावर स्वतः चढवली (हमालानं पोचा आणला असता). उतरताना शिडी मागे असते हे विसरलो आणि बाजूनं उतरलो. ट्रंकेला पोचा नाही, सगळा मलाच. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, मेंदू हादरलाय, हळूहळू बसेल, तोवर चक्कर येत राहील. आमची कारभारीण गुणाबाई त्यांना विचारते कशी, बसेल तो पहिल्याच जागी का? जागा बदलून मिळत असली तर तिची काही हरकत नव्हती.

या चक्करेला एक खोड आहे. समोर बघा, उजवीकडे वळा, गप्प असते. मान डावीकडे गेली की मेली घर, अंगण, शेजाऱ्यांची म्हैस, सगळ्यांना घेऊन फिरते. आणि बाजार नेमका आमच्या डाव्या हाताला! म्हणून मी उजवीकडून निघतो आणि अख्ख्या गावाला वळसा घालून कोथिंबीर आणतो. येताना जरा झुलतो. त्यात ही दारूबंदी. हवालदारानं भर नाक्यावर माझं तोंड हुंगलं, आणि सुक्या बोंबलाशिवाय काही हाती लागेना तेव्हा बिचारा इतका खट्टू झाला की मलाच वाईट वाटलं. दुकानदार भगवानशेट तर कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "आनंदा, खरं सांग, माल कुठं मिलतो? मी कोनाला सांगनार नाय." शपथा घातल्या तरी त्याला पटेना. आता माझ्याशी बोलत नाही.

मुद्द्याचं असं. मामानं भाचीला उचलून मांडवात आणायची आपली रीत, आणि तुम्ही म्हणे ते काम बळीरामला देताय. माझा चुलतभाऊ, मान्य. दंड वल्ह्यासारखे, तेही मान्य. पण लहानपणी मोऱ्याच्या धक्क्यावर बोटीतून उतरताना मालू भोकाड पसरायची, माझ्याशिवाय कोणाकडे जायची नाही, तेव्हा हा बळीराम कुठं होता? जीव जळतो हो, दाजी! काल मिठाची गोण खांद्यावर घेऊन मी अंगणाला फेरी मारली. हवं तर गुणाबाईला विचारा. मालूला मीच उचलणार, बस्स.

तुमचा मेहुणा,
आनंदा

ता. क. गुणाबाईला विचारू नका. तिनं हे पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, खरं लिवा, नायतर चुलीत टाकते. तर फेरी अर्धीच झाली. तुळशीपाशी डावं वळण आलं. गोण पडली, गोणीवर मी पडलो, तुळस वाचली. गोणीच्या जागी पोर असती, हे मनात आलं आणि मी तिथंच मिठात बसून राहिलो.

आणखी एक. बळीरामचा मानपान करा, पण मुहूर्ताला त्याला भाताच्या हंड्यांपाशी गुंतवा. आणि मालूच्या कानात सांगा, आनंदामामा उचलणार नाही, तू चालत ये, त्याचा दंड धरून. लोकांना दिसेल, मामानं भाचीला आणली. धरायचं मात्र तिनं, धक्क्यावर मी तिला धरायचो तेवढं घट्ट. डावं वळण आलं की हळूच सांगायचं. मी डोळे मिटून घेईन.